अर्धवट सैन्य डब्यात टाकण्याआधी

वॉरगेमिंगचा, म्हणजे छोटे शिपाई रंगवून टेबलावर लढाया खेळण्याचा, नाद असलेल्याचं मन एका सैन्यावर टिकत नाही. नेपोलियनच्या 28 मिमी शिपायांना निळे कोट चढवत असतो, तेवढ्यात 1761च्या पानिपतावर काहीतरी वाचनात येतं आणि इब्राहिमखान गारद्याची पलटण हवीशी वाटू लागते. उड्या मारू नका असं मी सांगणार नाही. मला स्वतःला कुठे जमलंय? फक्त जुनं काम बाजूला ठेवताना एक चिठ्ठी लिहा.

कुठले रंग, कुठल्या क्रमाने, आणि पुढचं काम कोणतं. "कोट: गडद निळा, त्यावर पातळ काळा वॉश, कडांना फिका निळा. आता पट्टे पांढरे करायचेत." एवढं पुरे. आईस्क्रीमच्या काडीवर तेच रंग ओढून ठेवलेत तर उत्तम, कारण बाटलीतला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो. चिठ्ठी, काडी, शिपाई, सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. आमच्या ठाण्याच्या घरात असे सात डबे आहेत (घरचे आठ म्हणतात). ज्यात चिठ्ठी नव्हती, त्यातले बारा घोडेस्वार मला पुन्हा रंगवावे लागले. पहिल्या चौघांचा तांबडा काही केल्या जुळेना.

स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मात्र सगळ्या डब्यांतल्या कोऱ्या शिपायांना पाऊस लागायच्या आधीच मारून घ्या. जूननंतरच्या दमट हवेत तो भुरकट, खरखरीत बसू शकतो. पावसाळ्यात नवं काही सुचलंच, तर ब्रशने लावायचा प्रायमर वापरा.