डबा सापडला, आता लपवणाऱ्याचं काय?

जिओकॅशिंग म्हणजे काय हे ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत उरकून टाकतो. कोणीतरी एक डबा कुठंतरी लपवतो, त्या जागेचे जीपीएसचे आकडे साइटवर टाकतो, आपण मोबाईल घेऊन जायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर आपलं टोपणनाव नि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा आणि ॲपमधी लॉग टाकायचा. बास. बक्षीस नाही, पैसे नाहीत. हुडकणाऱ्याला निदान हुडकल्याचा आनंद तरी भेटतो, लपवणाऱ्याला काय भेटतं तर तुमच्या लॉगचा ईमेल. डबा कसा हुडकायचा हे सांगणारे लै आहेत, मी इथं त्या ईमेलचं अन त्याच्या आजूबाजूचं सांगतो.

हा खेळ वाढला तोही कोणीतरी परत येऊन नीट लिहिलं म्हणूनच. 2 मे 2000 ला अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमधी मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, साध्या माणसाच्या हातातलं यंत्र रातोरात दहापट अचूक झालं, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गड्यानं ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ जंगलात एक काळी बादली ठेवली, आत वही, पेन्सिल, किरकोळ सामान, आणि आकडे नेटवर टाकले. उल्मरचं नाव सगळे घेतात, पण मला त्यातला माइक टीग जास्त भारी वाटतो. तो बादलीपर्यंत पोचलेला पहिला माणूस. सापडली म्हणून गप्प बसला नाही, नेटवर लिहिलं, आणि पुढं जगभरातले लोक जे डबे ठेवायला लागले त्यांची यादी स्वतःच्या वेबपेजवर करत बसला. त्यातूनच त्याच वर्षी सप्टेंबरमधी जिओकॅशिंग डॉट कॉम उभी राहिली.

आता आपल्याकडं या. पुण्यामुंबईच्या मानानं मराठवाड्यात डबे कमी अन हुडकणारे त्याहून कमी. ज्यानं इकडं एखादा डबा ठेवलाय त्याला कधीकधी महिनोनमहिने एकही लॉग येत नाही. आणि मग एक दिवस येतो, अन त्यात काय असतं तर 'टीएफटीसी'. म्हणजे थँक्स फॉर द कॅश (कॅश म्हणजे इथं डबा, पैसे नव्हं), तेही चार अक्षरात. त्या माणसानं काय काय केलेलं असतं बघा. आधी जागा बघितली, जमीन ज्याची त्याला विचारलं, दुसऱ्या कुठल्या डब्यापासून 161 मीटर तरी लांब आहे का ते तपासलं, आकडे पक्के करायला वेगवेगळ्या दिवशी जाऊन रीडिंग घेतलं, मग साइटसाठी फुकटात काम करणाऱ्या रिव्ह्यूअरनं दोनचार शंका काढल्या त्यांची उत्तरं दिली. आणि डबा पब्लिश झाला म्हणजे काम संपलं असं नाही, तिथून सुरू होतं. आपल्याकडं एप्रिल मेच्या उन्हात साधं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं, झाकणाचं रबर सुटतं, मग जूनमधी पाणी आत जाऊन वहीचा लगदा होतो, मुंग्या तर हक्कानं राहायला येतात. रस्ता रुंद करायला काढला की ज्या लिंबाच्या ढोलीत डबा होता तो लिंबच गायब. हे सगळं बघायला त्याला स्वतःच्या पेट्रोलनं जावं लागतं.

तर पहिलं काम म्हणजे लॉग नीट लिहा. साहित्यिक व्हायची गरज नाही, त्याला फक्त हे कळू द्या की तुम्ही खरंच तिथं गेलतात. कुठून आलात, सोबत कोण होतं, जागा कशी वाटली, किती वेळ डोकं खाजवलं, डबा कोणत्या हालतीत आहे. समजा औशाजवळ कोणी डबा ठेवलाय, तर असं काहीतरी चालेल: 'लातूरहून पाहुण्याच्या लग्नाला आलतो, जेवण झाल्यावर अहेराच्या गर्दीतून सटकलो. मेहुण्याला काही सांगितलं नव्हतं, तो म्हणला कशाला दगडं चाळायलास, मग त्यालाच आधी दिसला. किल्ला इथून एवढा चांगला दिसतो हे माहीत नव्हतं. वही कोरडी, झाकण घट्ट. दादा, धन्यवाद.' बघा, पाच सहा वाक्यं आहेत, पण लपवणाऱ्याला यातलं 'किल्ला इथून एवढा चांगला दिसतो' एवढं वाचलं तरी पुढच्या पावसाळ्यानंतर चक्कर मारायला हुरूप येतो, कारण त्यानं ती जागा त्याच्यासाठीच निवडलेली असते. मराठीत लिहिलं तरी चालतं बरं का, लपवणारा बाहेरचा असंल तर खाली एक ओळ इंग्रजीत टाका. जागा उघडी पडंल असं मात्र काही लिहू नका, आणि डबा जिथं बसवलाय त्याचा फोटो तर अजिबात नको. समोरचा नजारा, आपले चेहरे, चहाचा कप, हे फोटो टाका की, कोणी टाकत नाही तेच.

एका दिवसात पाचसात डबे केले तर सगळीकडं तोच मजकूर कॉपीपेस्ट करायची लोकांना सवय असते. ज्या गड्याचे त्यातले तीन डबे आहेत त्याला तीनदा तेच पत्र जातं. वेळ नसंल तर एकच लांब लिहा अन बाकी दोन छोटे, पण वेगळे.

नाही सापडला तर? डीएनएफ टाका, म्हणजे डिड नॉट फाइंड. लोकांना याची काय लाज वाटते कळत नाही. लपवणाऱ्याच्या कामाचा तोच लॉग असतो, कारण ओळीनं तीन डीएनएफ दिसले की तो समजतो डबा गेला, जाऊन बघितलं पाहिजे. तुम्ही गुपचूप परत आलात तर तो बिचारा सहा महिने समजून असतो सगळं ठीकठाक. किती वेळ हुडकलं, कुठं कुठं बघितलं ते थोडक्यात लिहा, तिथं काम चालू असंल, झाड तोडलेलं असंल, तेही लिहा.

आणि एक प्रकार चालतो तो बंद करा, थ्रोडाउन. डबा सापडत नाही, खिशात एक छोटी डबी असते, मग ती तिथंच ठेवायची, आत आपलं नाव लिहायचं अन वर 'मालकाची मदत केली' म्हणून फाउंडचा लॉग टाकायचा. ही मदत नाही. खरा डबा बऱ्याचदा तिथंच दोन हातावर असतो, मग एका जागी दोन डबे, अर्धे लोक एकावर सही करणार अर्धे दुसऱ्यावर, अन निस्तरायचं लपवणाऱ्यानं. मदत करायचीच तर आधी त्याला मेसेज टाका, 'भाऊ डबा दिसत नाही, माझ्याकडं एक आहे, ठेवू का?' तो हो म्हणला तर खुशाल ठेवा. ओल्या वहीत कोरड्या कागदाचा तुकडा घालणं, पाणी पुसणं, झिप लॉकची पिशवी बदलणं एवढं न विचारता केलं तरी कोणी नाराज होत नाही, फक्त लॉगमधी सांगा. झाकण फुटलं, वही भरली असलं मोठं काही असंल तर फाउंडच्या सोबत 'ओनर अटेन्शन रिक्वेस्टेड' हा पर्याय निवडा. सूर मात्र नीट ठेवा, तक्रार नोंदवायला आल्यासारखं नको.

आता आपल्या भागातली खास अडचण. जुन्या गढीपाशी, बारवेपाशी किंवा ओसाड मंदिरामागं दोन माणसं मोबाईल बघत दगडं उचलायलेत असं दिसलं की गावात पहिली शंका येते गुप्तधनाची. दुसरी पवनचक्की नाहीतर सोलरवाल्यांचा सर्वे. इथं तुम्ही कसे वागता त्यावर त्या डब्याचं आयुष्य ठरतं. चोरासारखं इकडंतिकडं बघू नका, कोणी म्हातारबुवा 'काय हुडकायलेत रे पोरांनो' म्हणले तर काहीतरी थाप मारून पळू नका, सरळ सांगा, मामा, हा मोबाईलवरचा खेळ आहे, एक डबा ठेवलाय, त्यात वही आहे, नाव लिहून परत ठेवायचं, पाहिजे तर दाखवतो. बाहेरच्या देशात लोकांपासून लपून करायची रीत आहे खरी, पण आपल्याकडं लपलं की संशय दुप्पट होतो अन तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासात तो डबा उकरून निघतो. वावरातून जायचं असंल तर धुऱ्यावरून जा, तुरीतून नको, कारण ज्या शेतकऱ्यानं लपवणाऱ्याला परवानगी दिली तो पीक तुडवलेलं बघून ती त्याच दिवशी मागं घेणार.

डब्यातून वस्तू घेतली तर तेवढीच किंवा जास्त चांगली ठेवायची हा जुना नियम. खायचं काही ठेवू नका, रेवड्या नको चॉकलेट नको, मुंग्या अन उंदीर डब्यासकट खातात. आपल्याकडचं काहीतरी ठेवा ना, गोट्या, हिमरूचा छोटा तुकडा, पैठणीच्या जरीचा धागा, 2011 पासून चलनातून गेलेले चार आणे. परदेशी पाहुण्याला डब्यात चार आणे सापडले तर तो लॉगमधी हमखास लिहितो, आणि तो लॉग लपवणाऱ्यालाच जातो. ट्रॅकेबल म्हणजे नंबर असलेली, डब्याडब्यातून फिरणारी वस्तू उचलली तर घरी शोकेसमधी ठेवू नका, पुढच्या डब्यात टाका, तिचाही मालक कुठंतरी वाट बघायलाय.

वेरूळ, दौलताबाद असल्या संरक्षित जागी डबा ठेवायचा प्रश्नच येत नाही, तिथं अर्थकॅश हा प्रकार जमतो. अर्थकॅशमधी डबा नसतोच, लपवणारा तिथल्या खडकाबद्दल प्रश्न देतो, आपण बघून उत्तर त्याला पाठवायचं. आपला सगळा भाग काळ्या बसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, त्यामुळं प्रश्न काढायला मटेरियल भरपूर. पण प्रश्न तयार करणाऱ्याला भूगर्भशास्त्राचं वाचून, साध्या भाषेत मांडून, वर अभ्यासी रिव्ह्यूअरकडून पास करून घ्यावं लागतं. म्हणून उत्तर गुगलवरून उचलू नका अन 'काळा, खरबरीत, 2 मीटर' एवढंच पाठवू नका. तिथं जाऊन हात लावून बघितलं तर काय वाटलं ते एक वाक्य जास्तीचं टाका. या लोकांना उत्तरं तर ढिगानं येतात, त्या खडकाबद्दल कोणी उलट प्रश्न विचारला तर ते अक्षरशः खूश होऊन पानभर लिहितात, विचारून बघा.

फेव्हरेट पॉइंट, म्हणजे आवडलेल्या डब्याला द्यायचा गुण, हा प्रीमियमवाल्यांचा, म्हणजे पैसे भरून सभासद झालेल्यांचा विषय, दर दहा सापडलेल्या डब्यांमागं एक मिळतो. लोक साठवून ठेवतात, कशासाठी देव जाणे. नंतर काढून दुसऱ्याला देता येतो, तेव्हा हात सैल सोडा. मोठ्या शहरातल्या गाजलेल्या डब्याला आणखी एकानं फरक पडत नाही, हिंगोली परभणीकडच्या एकांड्या डब्याला पडतो.

काही लपवणारे नोकरीमुळं गाव सोडतात, पुण्याला जातात नाहीतर हैदराबादला, अन डबा मागं राहतो. त्यांचा डबा तुमच्या रोजच्या वाटेवर असंल तर एक मेसेज टाका की मी मधूनमधून बघत जाईन. फारच जमंना झालं तर डबा रीतसर दुसऱ्याच्या नावावर करता येतो, त्याला अडॉप्शन म्हणतात, त्यात डब्याचं पान, जुने लॉग, फेव्हरेट पॉइंट सगळं जसंच्या तसं राहतं. मला विचाराल तर नव्या माणसानं घाईघाईत स्वतःचा डबा ठेवण्यापेक्षा आधी असा एखादा सांभाळून बघावा, एक उन्हाळा अन एक पावसाळा काढला की समजतं आपल्याला झेपतंय का.

आणि जुनं राहून गेलं असंल तर त्याचीही सोय आहे. तुमच्या प्रोफाइलमधी सापडलेल्या डब्यांची यादी असते, ती उघडा, त्यात जिथं नुसतं 'टीएफटीसी' टाकलंय अन जागा मात्र अजून आठवती असे दोनतीन निवडा, 'राइट नोट' घ्या आणि तेव्हा लिहायचं राहिलेलं आत्ता लिहा. डबा अर्काइव्ह, म्हणजे साइटवर कायमचा बंद, झालेला असला तरी पान लॉक केलेलं नसंल तर नोट टाकता येते.