दुसरा फ्लॅट भाड्याने देताना: ठाणे आणि नवी मुंबईतील घरमालकांसाठी

घोडबंदर रोड, खारघर किंवा उलवे येथे अनेक मराठी कुटुंबे निवृत्तीनंतरचा आधार म्हणून दुसरा फ्लॅट घेतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र जिथे राहते घर मिळवण्यात माणसांची हयात खर्ची पडते, तिथे आपल्याकडचे गरजेपेक्षा जास्तीचे घर कसे वापरावे, हा प्रश्न केवळ परताव्याचा राहत नाही. त्या घरात कोणीतरी निर्धास्तपणे राहत असेल, तरच अशी मालकी समर्थनीय ठरते, असे माझे ठाम मत आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईत सुमारे 4.8 लाख घरे रिकामी होती. विमानतळामुळे भाव चढतील या आशेने उलव्यात कुलूपबंद ठेवलेला फ्लॅट अशाच रिकाम्या घरांत भर घालतो.

घर घेण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा. समजा, कासारवडवलीत 80 लाखांचा वन बीएचके घेतला आणि 60 लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने 20 वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे 52,000 रुपये येतो. भाडे 20,000 मिळाले, तरी दरमहा 32,000 रुपये खिशातून जातात. हे झेपणार नसेल तर घर घेऊ नये, कारण ती ओढाताण अखेर भाडेकरूच्या माथी येते: दर 11 महिन्यांनी भाडेवाढ, गळतीच्या दुरुस्तीत टाळाटाळ आणि एक दिवस अचानक घर रिकामे करण्याचा निरोप. प्रधानमंत्री आवास योजनेत देशात कुठेही पक्के घर नसण्याची अट आहे; नातेवाइकाच्या नावावर अर्ज भरून असे घर गुंतवणुकीसाठी मिळवणे म्हणजे गरजूचा हक्क हिरावणे होय.

करार करताना सर्वाधिक विचार मुदतीचा करावा. 11 महिन्यांचा करार इतका रूढ झाला आहे की तो कायद्याने सक्तीचा असल्यासारखे लोक बोलतात. प्रत्यक्षात 36 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची परवानगी देणारा) करारही नोंदवता येतो. 20,000 भाडे आणि 40,000 डिपॉझिट धरल्यास अशा करारावर 0.25 टक्के दराने मुद्रांक शुल्क साधारण 1,830 रुपये होते. दर वर्षी भाडेकरू बदलला की दलालाला पुन्हा एका महिन्याचे भाडे द्यावे लागते, त्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. वार्षिक वाढ, उदाहरणार्थ पाच टक्के, करारातच लिहावी, आणि सुरुवात जूनमध्ये करावी, म्हणजे मुदत मे महिन्यात संपते. डिसेंबरात घर सोडावे लागलेल्या कुटुंबाला भर शालेय वर्षात मुलांची शाळा, रिक्षा आणि शिकवणी सगळेच नव्याने जुळवावे लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, हेही ध्यानात असावे.

केंद्राच्या 2021 च्या नमुना भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे. तेच माप आपणही पाळावे. चावी देताना भिंती, नळ आणि गिझरचे फोटो दोघांनी मिळून काढावेत, कारण रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधून कापाकापी करणे हा या व्यवहारातला सर्वांत सर्रास अन्याय आहे. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक असू शकत नाहीत. ते मालकाने स्वतः सोसावेत.

भाडे बँकेतून घ्यावे आणि पॅन द्यायला नकार देऊ नये. वार्षिक भाडे 1 लाखाच्या वर असेल, तर त्याशिवाय नोकरदार भाडेकरूला एचआरएची (घरभाडे भत्त्यावरची) करसवलत मिळवणे अवघड होते. मालकाला तर भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा जाता 30 टक्के प्रमाणित वजावट मिळतेच.

घोडबंदरच्या ज्या इमारतींना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तिथे ही गोष्ट घर दाखवतानाच सांगावी. धर्म, जात, आहार किंवा एकटी बाई आहे म्हणून नकार देऊ नये. सोसायटीतील मंडळी कुरकुर करू लागली तर मालक म्हणून आपणच त्यांच्याशी बोलावे, ते काम भाडेकरूवर ढकलू नये.

घर विकायचे ठरल्यास दलालाआधी भाडेकरूला कळवावे, ग्राहक आणण्याची वेळ त्याला विचारून ठरवावी आणि कराराची मुदत पाळणाऱ्या खरेदीदाराला प्राधान्य द्यावे.