लाईट आली पण नेट नाही? आधी दिवे बघा

आमच्या देवरुखात मिरगाच्या आगेमागे वारा सुटला, एखादी फांदी तारांवर पडली, की तीन-चार तास लाईट नसते. ती आली की पंखा फिरतो आणि दोन मिनिटांत नानांची हाक येते, "अगो, नेट येत नाही!" सासरे रोज संध्याकाळी मुंबईच्या नातवाशी व्हिडिओवर बोलतात, आणि मला सहाच्या आत हिशेब पाठवायचे असतात. दर पावसाळ्यात खोळंबा झाल्यावर मी याचा एक क्रम ठरवून घेतलाय.

आमचं घर जुनं, चिऱ्याचं. दीड फुटाच्या भिंतींतून वायफाय पुढे सरकत नाही, म्हणून मेशचे, म्हणजे एकमेकांना जोडून वायफाय घरभर पोचवणारे, तीन डबे घेतले. मुख्य डबा ओटीवर मोडेमशेजारी, दुसरा माजघरात, तिसरा मागच्या पडवीत.

लाईट गेली की लगेच मोडेम आणि तिन्ही डब्यांची बटणं बंद करा. येताना लाईट एकदम नीट येत नाही. दोनदा येते-जाते, बल्ब कधी मंद तर कधी भगभगीत होतो, आणि त्या झटक्यातच अ‍ॅडॉप्टर जातात. बल्ब पाच मिनिटं एकसारखा जळला, की मगच बटणाला हात लावा.

सुरू करताना बाहेरून आत यायचं. आधी फक्त मोडेम. त्याला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. मग ओटीवरचा मुख्य डबा. त्याचा दिवा स्थिर झाला की माजघरातला, शेवटी पडवीतला. मुख्य डबा मोडेमकडून नेटवरचा पत्ता (आयपी) मागून घेतो. मोडेम उठायच्या आत त्याने मागितला तर हाती काही लागत नाही, आणि काही डबे तसेच अडकून राहतात. मग फोनवर वायफायची पूर्ण रेघ दिसते, पण पान उघडत नाही.

मोडेमवरचे दोन दिवे ओळखून ठेवा. 'पॉन' (PON) हिरवा आणि स्थिर असेल तर फायबर, म्हणजे प्रकाशावर नेट आणणारी तार, ठीक आहे. तो लुकलुकत असेल तर मोडेम अजून केबलवाल्याच्या यंत्राशी ओळख पटवतोय, थांबा. 'एलओएस' (LOS) लाल लुकलुकत असेल तर तारेतून प्रकाशच येत नाही, मग मेशशी झटापट करण्यात अर्थ नाही. तेव्हा फक्त दोन गोष्टी बघा: मोडेममागचं हिरव्या टोकाचं कनेक्टर पूर्ण आत बसलंय का, आणि ती बारीक वायर कपाटामागे दबून दुमडली तर नाही ना. आतली तार काचेची असते, घट्ट वळण तिला सोसत नाही. कनेक्टर काढून त्याच्या टोकात डोळा घालून बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

पॉन स्थिर आहे आणि तरी इंटरनेटचा दिवा लागत नाही, असंही होतं. पुष्कळदा तुमचं आधीचं लॉगिन केबलवाल्याच्या सर्व्हरवर उघडंच राहिलेलं असतं आणि तो दुसरं घेत नाही. मोडेम पंधरा मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावा.

गेल्या जूनमध्ये मला सगळ्यात जास्त छळलं ते अ‍ॅडॉप्टरने. मोडेमचे सगळे दिवे लागायचे, पॉन लुकलुकू लागायचा, आणि दोन मिनिटांत सगळं विझून पुन्हा पहिल्यापासून. वायरमनने मीटर लावला तर बरोबर 12 व्होल्ट. म्हणून आम्ही मोडेमलाच दोष देत बसलो. पण मीटर लावला होता अ‍ॅडॉप्टर रिकामा असताना. आतून दुबळा झालेला अ‍ॅडॉप्टर रिकामा असताना ठीक दाखवतो आणि भार आला की बसतो. शेवटी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर लावला आणि मोडेम चालू झाला. अशी अदलाबदल करताना दोन्हींवरचे आकडे वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि अधिक-उणेची खूण सारखी हवी.

त्याच गडबडीत मी मोडेममागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट केलं होतं. ते करू नका. त्यात केबलवाल्याने भरलेली सगळी माहिती पुसली जाते. ती पुन्हा भरायला माणूस यायला तीन दिवस लागले आणि मला शेजारच्या काकूंच्या ओटीवर बसून काम करावं लागलं.

पडवीतला डबा रुसला तर तो उचलून मुख्य डब्याशेजारी लावा, जोडला जाऊ द्या, मग जागेवर न्या. आमच्याकडे बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. मुलांच्या फोनला रात्री नेट बंद व्हायची वेळ लावली असेल तर तीही एकदा तपासा. बऱ्याच राउटरांत घड्याळाला सेल नसतो. लाईट गेल्यावर ते 1 जानेवारी 1970 सारख्या जुन्या तारखेवर जातं आणि नेट मिळाल्यावरच ठिकाणावर येतं.

परवडत असेल तर मोडेम आणि मुख्य डब्यासाठी छोटा यूपीएस (लाईट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा डबा) घ्या, दोघांचे व्होल्ट बघून. घरोघरच्या फायबरमध्ये वाटेत तार फोडणाऱ्या डबीला वीज लागत नाही, ती नुसती काच असते. केबलवाल्याकडे बॅटरी असली तर आख्खी वाडी अंधारात असताना आपलं नेट चालू राहतं.

आणि केबलवाल्याला फोन करायचीच वेळ आली तर "नेट बंद आहे" एवढंच म्हणू नका. सांगा: "एलओएस लाल लुकलुकतोय, कनेक्टर नीट बसलाय, अ‍ॅडॉप्टर बदलून पाहिलाय." म्हणजे तो बंद-चालू करायला न सांगता तार जोडायचं मशीन घेऊनच माणूस पाठवतो.