गिनीपिगला जोडीदार आणावा का? कसं ठरवावं

"आमचा एकटाच आहे, पण मजेत आहे. काही त्रास नाही, कोपऱ्यात शांत बसलेला असतो." एकटा गिनीपिग पाळणाऱ्यांकडून हे नेहमी ऐकू येतं, आणि त्यातला शेवटचा भागच मला खटकतो. गिनीपिग हा दुसऱ्यांचं भक्ष्य होणारा प्राणी. भीती वाटली, दुखलंखुपलं, तर तो बहुतेक वेळा ओरडत नाही, गप्प होतो. त्यामुळे शांत आहे म्हणजे सुखी आहे, हा हिशेब त्याच्या बाबतीत चुकतो.

त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत लहान कळपांनी राहतात. चरताना एकाला धोक्याची चाहूल लागली की सगळे पळतात. घरातल्या गिनीपिगचा स्वभावही त्याच घडणीचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर गिनीपिग एकटा ठेवू नये असा नियमच २००८ पासून आहे. म्हणून प्रश्न उलटा घ्या. त्याला सोबत हवी हे धरून चला आणि न देण्यासारखं एखादं ठोस कारण आहे का, ते शोधा.

आधी आजार नाही ना, ते बघा

सुस्ती, अंग फुगवून बसणं, खाण्यावरची वासना उडणं ही एकटेपणाची लक्षणं वाटतात, पण दातांच्या दुखण्यात आणि पोटाच्या तक्रारीतही हेच दिसतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला त्याचं वजन करा आणि लिहून ठेवा. वजन सतत उतरत असेल तर व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला दाखवा. अर्धा दिवस काहीच खाल्लं नसेल, तर उद्यावर ढकलू नका. गिनीपिगचं आतडं रिकामं राहून चालत नाही. आजारी प्राण्याला औषध म्हणून जोडीदार आणणं ही चूक बरेच जण करतात. त्यात नव्याचेही हाल होतात.

मग आठवडाभर नुसतं बघा

दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, त्याला कळू न देता. तो स्वतःचेच केस कुरतडतो का? पिंजऱ्याच्या सळया चावत बसतो का? (हे पिंजरा लहान असल्यामुळेही होतं, तेव्हा आधी जागा वाढवून पाहा.) तुम्ही आलात की 'वीक वीक' करतो आणि गेलात की तासन्‌तास हलत नाही, असं आहे का? यातलं काही दिसलं तर प्रश्न मिटला. काहीच दिसलं नाही, म्हणून मात्र 'सोबत नको' असं ठरत नाही.

इथेच स्वतःचाही हिशेब मांडा. गिनीपिग सलग झोपत नाही. दिवसा आणि रात्रीही थोडा वेळ झोप, थोडा वेळ जाग असं त्याचं चालतं. पहाटे तीन वाजता तो जागा असतो, तुम्ही नसता. आणि तुम्ही कितीही जीव लावलात तरी त्याच्या भाषेत घरघर करून उत्तर तुम्हाला देता येत नाही. आरसा किंवा कापडी खेळणं ही तर आपलीच समजूत घालणं झालं. ससाही नको. त्याची एक लाथ गिनीपिगला जायबंदी करू शकते, सशाला विशेष त्रास न देता त्याच्या अंगात राहणारा बोर्डेटेला जिवाणू गिनीपिगला न्यूमोनियापर्यंत नेतो, आणि गिनीपिगला खाण्यातून लागणारं क जीवनसत्त्व सशाच्या खाद्यात पुरेसं नसतं.

'नाही' म्हणण्याची खरी कारणं

ती थोडीच आहेत. तुमच्या गिनीपिगला संसर्गजन्य आजार असेल, तर तो बरा होईपर्यंत थांबा. दोघांना पुरेल अशी जागा नसेल (जमिनीवरचं किमान ७.५ चौरस फूट, पिंजऱ्यातले वरचे माळे यात धरायचे नाहीत) किंवा दोघांच्या औषधपाण्याचा खर्च झेपणार नसेल, तर आणू नका. दोनतीन वेगवेगळ्या जोडीदारांशी रक्त निघेपर्यंत भांडलेला एखादा प्राणीही असतो. 'आता म्हातारा झालाय' हे मात्र कारण नव्हे.

म्हातारपणाची खरी अडचण वेगळीच आहे. एक गेला की उरलेल्याला नवा, मग पुन्हा नवा, अशी साखळी संपत नाही. गिनीपिग साधारण ५ ते ८ वर्षं जगतो. अशा वेळी पिल्लू आणण्यापेक्षा वयाने जवळचा जोडीदार दत्तक घ्यावा, किंवा उरलेल्याला परत घेण्याची तयारी असलेल्या संस्थेशी आधीच बोलून ठेवावं.

कोणाला आणायचं

नसबंदी केलेला नर आणि मादी ही सर्वांत शांतपणे राहणारी जोडी. दोन माद्याही सहसा जमवून घेतात. दोन नर राहू शकतात, पण त्यांना जागा जास्त लागते आणि जवळपास मादी नको. तीन नरांच्या वाटेला मी तरी जाणार नाही.

विकणाऱ्याच्या 'दोन्ही माद्याच आहेत' या शब्दावर अजिबात विसंबू नका, व्हेटकडून खात्री करून घ्या. नर पिल्लू तीन आठवड्यांचं होताच मादीला गाभण करू शकतं, आणि व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. सहासात महिन्यांपुढच्या मादीची पहिलीच वेळ असेल, तर जन्ममार्गाजवळची हाडं पुरेशी फाकत नाहीत आणि बाळंतपण जिवावर बेततं. नसबंदीनंतरही नराला सहा आठवडे मादीपासून दूर ठेवायचं असतं.

ओळख करून देताना

नव्याला दोनतीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. खरूज, बुरशी, सर्दी असेल तर तेवढ्यात दिसून येते. मग दोघांच्याही ओळखीची नसलेली जागा निवडा, मध्ये वाळलेल्या गवताचा मोठा ढीग ठेवा आणि लपायला दोन दारं असलेली घरकुलं ठेवा. एकच दार असलं की आतला कोंडला जातो.

पुढचे काही तास खरी परीक्षा तुमचीच. घरघरत, ढुंगण हलवत एकमेकांभोवती फिरणं, अंगावर चढणं, पाठलाग, थोडे दात कटकटवणं, हे सगळं 'मोठा कोण' ते ठरवणं आहे. मध्ये पडलात तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पण दोघं केस फुलवून समोरासमोर उभे राहिले, दात सतत वाजू लागले, एकमेकांवर झेपावले किंवा रक्त आलं, तर लगेच वेगळं करा. हात मध्ये घालू नका, जाड टॉवेल टाका.

काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न करून पाहा. तरीही नाहीच जमलं, तर मध्ये जाळी लावून दोघांना शेजारी शेजारी ठेवा. वास येतो, दिसतं, बोलता येतं. जाळीला अंग टेकवून दोन बाजूंनी झोपलेले गिनीपिगही असतात.