घरी शिकणारं मूल आणि शालेय स्पर्धा : सोलापुरात अर्ज कुणाकडे, कसा करायचा

घरी शिकणाऱ्या मुलाचं घोडं अडतं ते एका कागदापाशी. शालेय स्पर्धेच्या प्रवेशिकेवर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का लागतो, आणि त्यासाठी जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, नाव हवं. मूल किती जोरात पळतं, हे तिथवर कुणी पाहतच नाही. भांडायचं ते नियमाशी, क्रीडाशिक्षकाशी नाही.

मागण्या दोन आहेत, अर्जही दोन करा.

सोपी मागणी सरावासाठी मैदानाची. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात बहुसंख्य पालकच असतात. अर्ज तिच्याकडेच करा. त्यात खेळ, वार, वेळ आणि सोबत कोण थांबणार ते लिहा. इजा झाल्यास जबाबदारी आमची, असं हमीपत्र जोडाच. मुख्याध्यापकांना धास्ती त्याचीच असते. होकार मिळाला की समितीच्या ठरावाची प्रत मागून घ्या. मुख्याध्यापकांची बदली झाली की तोंडी परवानगीला काही अर्थ उरत नाही.

अवघड मागणी स्पर्धेतल्या प्रवेशाची. हा अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना. शहर (महापालिका क्षेत्र) आणि ग्रामीण यांच्या स्पर्धा वेगवेगळ्या होतात, तेव्हा तुम्ही कशात येता ते पहिल्याच ओळीत लिहा. पावसाळ्याच्या तोंडावर क्रीडाशिक्षकांची सहविचार सभा होते, त्याआधी, मे महिन्यातच अर्ज पोहोचवा. नियम बदलणं जिल्ह्याच्या हातात नाही, म्हणून ‘अभिप्रायासह क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे पाठवावा’ अशी विनंती करा.

‘समान संधी द्या’ एवढ्यावर फाईल हलत नाही. मागणी नेमकी हवी: ‘मुक्त विद्यालयाचे ओळखपत्र व जन्मदाखला बोनाफाईडऐवजी ग्राह्य धरावा आणि प्रवेशिका राहत्या भागातील शाळेमार्फत स्वीकारावी.’ (बोनाफाईड म्हणजे मूल त्या शाळेत शिकत असल्याचा दाखला.) त्यासाठी मुलाची नोंदणी आधी राष्ट्रीय किंवा राज्य मुक्त विद्यालयात करून ठेवा. दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

‘नियमात बसत नाही’ असं तोंडी उत्तर आलं, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. ‘का नाकारलं’ असं विचारू नका, ‘ज्या परिपत्रकाच्या आधारे नाकारलं त्याची प्रत द्या’ असं लिहा. माहिती म्हणजे कार्यालयातला कागद; ‘का’ या प्रश्नाला हमखास बगल मिळते.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: ओळखीच्या शाळेत नुसतं नाव लावणं. हरकत आली की खेळाडूबरोबर अख्खा संघ बाद होतो, बाकीच्या पोरांचं वर्ष जातं. मूल ६ ते १४ वयाचं असेल आणि शाळेतूनच खेळायचं असेल, तर शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात खराखुरा प्रवेश मिळतो.

निर्णय येईपर्यंत सराव आणि सामने थांबवू नका. खो-खो, कबड्डी, ॲथलेटिक्सच्या जिल्हा संघटनांच्या स्पर्धा शाळेतर्फे नसतात, वयोगटावर असतात. तिथेही सवयीने बोनाफाईड मागतात. जन्मदाखला आणि आधार चालेल का, ते नाव देण्याआधी सचिवांना फोन करून विचारा.