प्रिंटर अडला की आधी फाइल बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात नव्याने लागलेली पोरं प्रिंटर अडला रे अडला की झाकण उघडतात, टोनर काढून हलवतात. कागद अडकलेला नसेल तर तिकडे हात घालू नका. कॉम्प्युटरकडून येणारी केबल काढा, मशीन बंद करून चालू करा. केबलशिवाय ‘रेडी’ आलं तर संशय फाइलवर घ्यायचा. एचपी लेझरजेटवर ४९ किंवा ७९ नंबरची एरर आली की मी हेच पहिलं करतो. केबल काढूनही एरर हटली नाही तर मात्र मेकॅनिकला फोन लावा.

एवढ्यावर भागत नाही. अडलेली फाइल विंडोजच्या रांगेत बसून असते, केबल जोडली की पुन्हा तीच जाते. कॅन्सल केलं तर नुसतं ‘डिलीटिंग’ दाखवत राहते. मग विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे ही रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवायचा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टीम३२, स्पूल, प्रिंटर्स असं आत जायचं आणि तिथल्या फाइली पुसायच्या. फोल्डरला हात लावायचा नाही. स्पूलर परत सुरू केला की रांग मोकळी. बाकीच्यांच्या प्रिंटही त्यात जातात, म्हणून आधी सांगून ठेवा, नाहीतर बोलणी खावी लागतात.

गिऱ्हाईक तर समोरच उभं असतं. पीडीएफ असेल तर अॅडोब रीडरच्या प्रिंटमध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ उघडून ‘प्रिंट अॅज इमेज’ला टिक करा. पान चित्र म्हणून जातं, फॉन्टची भानगड राहत नाही. वेळ लागतो, अक्षर जरा बोथट येतं, पण काम निघतं. कॉलेजच्या जाडजूड प्रोजेक्टला मी निम्मी पानं पाठवतो, अडली तर त्यातली निम्मी. खोडी करणारं पान असं सापडतं. एका रिपोर्टमध्ये तालुक्याचा स्कॅन केलेला नकाशाच सगळं अडवून बसला होता; त्याचा आकार कमी केला, बाकीचं सुरळीत निघालं.

आपल्याकडे आणखी एक ताप. एकाच अर्जात मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीत. दुकानात ते फॉन्ट नसले की एरर येत नाही, सरळ भलतीच अक्षरं छापून येतात. अशांना वर्डची फाइल आणूच नका, फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट फाइलीतच बसवलेली पीडीएफ आणा म्हणून सांगतो.

आणि लाइट नुसता लुकलुकत असेल तर फाइलचा कागद ‘लेटर’ आहे का बघा. ट्रेमध्ये ए-फोर असतो, मशीन लेटरची वाट बघत थांबतं. वर्डमध्ये ‘लेआउट’मधून साइज बदला.