बोअरचे जलभंजन करताना या चुका टाळा

उन्हाळ्यात सांगोला, मंगळवेढा किंवा करमाळा भागात बोअर आटला की जलभंजनाची गाडी बोलावण्याची घाई होते. जलभंजन म्हणजे काळ्या पाषाणातील बुजलेल्या भेगा उच्च दाबाच्या पाण्याने मोकळ्या करून जवळच्या पाणीधारक भेगांशी जोडणे. त्यामुळे परिसरातील भूजलपातळीच खोल गेली असेल, तर या खर्चातून काहीही हाती लागत नाही. पूर्वी चांगले पाणी देणारा आणि गाळाने मंदावलेला बोअर मात्र यासाठी योग्य ठरतो.

सर्वांत महागात पडणारी चूक पॅकरच्या, म्हणजे बोअरमध्ये घट्ट बसून खालचा दाब कोंडून धरणाऱ्या रबरी बुचाच्या, जागेची आहे. पॅकर केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागातील आधाराच्या पाइपच्या) खाली, मुरूम व मांजऱ्या (सच्छिद्र, तुलनेने मऊ) खडक संपल्यावर, अखंड कातळात घट्ट बसला पाहिजे. दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यात तो बसवला, तर पाणी त्याच्या कडेने वर येते आणि माती ढासळून पॅकर अडकण्याचीही भीती असते. दाबमापकाकडे सतत लक्ष ठेवावे. दाब चढून अचानक उतरला तर भेग उघडली असे समजावे. मात्र तो मुळीच चढत नसेल आणि पाणी बोअरच्या तोंडातून येत असेल, तर पंपाचा जोर वाढवू नये, पॅकर सोडवून जागा बदलावी.

दुसरी चूक पाण्याची. टँकरमध्ये ओढ्याचे गढूळ पाणी भरले, तर जो गाळ काढायचा तोच दाबाने भेगांत ठासला जातो. पाणी गाळलेले आणि क्लोरीन मिसळलेलेच असावे.

तेलविहिरींत भेग उघडी धरण्यासाठी प्रॉपंट म्हणून वाळू किंवा सिरॅमिकचे दाणे सोडतात आणि ते वाहून नेण्यासाठी पाणी गवारीच्या डिंकाने घट्ट करतात. हीच पद्धत पिण्याच्या पाण्याच्या बोअरला जशीच्या तशी लावू नये, कारण राहिलेल्या डिंकावर जिवाणू वाढतात आणि डिंकाविना सोडलेली बरीचशी वाळू भेगेत न शिरता तळाशी बसते. पाषाणातील भेगांचे खडबडीत काठ सरकले की बहुधा एकमेकांना आधार देतात. तरीही वाळू वापरायचीच असेल, तर ती धुतलेली, गोलसर व एकसारख्या आकाराची क्वार्ट्झची असावी. मातीमिश्रित नदीची वाळू भेगाच बुजवते.

कामाआधी व नंतर उपसा सारख्याच पद्धतीने मोजावा. आधी वाढलेले पाणी काही दिवसांतच घटले, तर लगेच पुन्हा जलभंजन करण्याऐवजी कंप्रेसरने बोअर स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लश करावा, कारण बहुतेकदा सुटलेला गाळच भेगांच्या तोंडाशी साचलेला असतो.